केळशीकरांचा काटकोन

वसंतराव केळशीकर आमच्या डोक्यावर राहत. हेर्त्सोगेनआउराखच्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या, बरोबर वर. लिफ्ट नाही. जर्मन इमारतींच्या भिंती भक्कम असतात, पण छताबद्दल मी तसं सांगणार नाही. केळशीकर कधी उठतात, कधी आंघोळीला जातात, कधी रागावतात हे मला त्यांच्या पावलांवरून कळत असे. त्यांचा गुडघा बिघडतोय हेसुद्धा डॉक्टरांच्या आधी मला कळलं. एक पाय टाकायचा आवाज यायचा, दुसरा फरपटायचा.

पहिली भेट झाली एका रविवारी दुपारी. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी मिक्सरमध्ये चटणी वाटत होते आणि घंटा वाजली. दारात इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ. हातात मोबाइल, तोही आडवा, काठोकाठ भरलेलं फुलपात्र धरावं तसा.

"नमस्कार. मी केळशीकर, वरचा. तुमचा मिक्सर ऐंशी डेसिबलच्या वर जातोय."

"बरं," मी म्हटलं.

"रविवारी इथे रुहेत्साइट असते. शांतता पाळायची वेळ. आणि हे मी दारात मोजलंय, ओट्यापाशी जास्त भरेल." मग त्यांनी श्वास आत ओढला. "लसणीची?"

"हो."

"थोडी वर पाठवा. शैलाला आवडते."

चटणी शैलावहिनींना आवडत नव्हती. वहिनी लसूण खातच नसत, हे मला नंतर कळलं.

आमच्या कंपनीत बेअरिंग बनतात. मी खरेदी विभागात आहे, केळशीकर मोजमापाच्या खोलीचे प्रमुख होते. त्या खोलीचं तापमान वर्षभर एकच ठेवावं लागतं आणि केळशीकरांचंही तसंच होतं. "आधी मोजा, मग बोला" हे त्यांचं वाक्य. कामात माणूस पक्का होता, हे कबूल केलंच पाहिजे. एकदा मोठा लॉट ग्राहकाकडे निघायचा होता आणि त्यांचा जर्मन साहेब सहीसाठी डोक्यावर उभा होता. केळशीकर म्हणाले, माल कारखान्यातून गरम आलाय, गरम लोखंड खोटं बोलतं, रात्रभर माझ्या खोलीत राहू दे. साहेब ओरडला. केळशीकर खुर्चीतून उठले नाहीत. सकाळी थंड झालेला माल मोजला तर मापात बसेना. साहेबाने नंतर माफी मागितली असं ते सांगत. मागितली नसणार. पण लॉट गेला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तर कंपनीत असे. घरी मात्र ते एका शब्दात बोलत. "पाणी." "चष्मा." "खिडकी." पुढचं वहिनींनी करायचं. वहिनी लहानखुऱ्या, चपळ, आणि कानाने तिखट. कित्येकदा केळशीकरांचा शब्द पुरा व्हायच्या आत वस्तू हातात असे. एकदा मी तिथे बसले असताना ते नुसते "अं" म्हणाले आणि वहिनींनी पंख्याचा वेग कमी केला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"अगं, ह्यांचा 'अं' दोन प्रकारचा असतो," वहिनी म्हणाल्या. दुसरा कोणता ते मी विचारलं नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ते दरवर्षी नियोजनप्रमुख. नियोजन म्हणजे हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचं. एका वर्षी उकडीचे मोदक करायला सगळ्या बायका जमल्या होत्या आणि केळशीकर खिशातून व्हर्निअर काढून मोदकांची बुडं मोजत होते. "हा मोठा. हा पण मोठा. पाकळ्यांमध्ये अंतर सारखं नाही." प्राजक्ता म्हणून एक मुलगी आहे, न्युरेम्बर्गला सॉफ्टवेअरमध्ये. तिचे हात पिठाने भरलेले होते आणि तोंड मोकळं होतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही दोन करून दाखवा ना. आम्ही त्याच मापाचे करतो."

केळशीकर अजिबात ओशाळले नाहीत. "मी करत नाही," ते म्हणाले. "मी तपासतो."

मंडळात आजही कोणी काम टाळायला लागला की हे वाक्य म्हणतात. केळशीकरांना ती आपली कीर्ती वाटे.

मग गुडघा बदलायचं ठरलं. ऑपरेशन चांगलं झालं. इथल्या रीतीप्रमाणे त्यानंतर तीन आठवडे पुनर्वसन केंद्रात जाऊन राहायचं असतं. तिथे सकाळपासून व्यायाम करून घेतात. केळशीकरांनी नकार दिला. "तीन आठवडे बटाटे खाऊन माणूस जगतो, बरा होत नाही," असं त्यांनी इस्पितळातल्या समाजसेविकेला जर्मनमध्ये सांगितलं. त्याऐवजी घरी आठवड्यातून काही वेळा फिजिओथेरपिस्ट येणार आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक मशीन भाड्याने मिळणार असं ठरलं.

मशीन आलं तो दिवस मला आठवतो, कारण ते आणणारा माणूस आमच्या मजल्यावर दम खायला थांबला होता. अशा मशीनला इथे मोटोरशीने म्हणतात. गाद्या लावलेली एक लांबट धातूची चौकट. पलंगावर ठेवायची, पाय तिच्यात आडवा घालायचा, पट्ट्यांनी बांधायचा आणि बटण दाबायचं. मोटर पाय हळूहळू गुडघ्यात दुमडते आणि हळूहळू सरळ करते. आपण काही करायचं नाही. दुखऱ्या सांध्याला हालचालीची सवय राहावी, तो आखडू नये, एवढाच हेतू. हातात एक रिमोट, त्यावर किती अंश दुमडायचं ते ठरवता येतं आणि आकडा दिसतो.

आपण काही करायचं नाही आणि वर आकडा दिसतो! केळशीकरांसाठी याहून योग्य यंत्र माणसाने बनवलेलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. पलंगावर राजासारखे पडले होते. पाय घूं करत वर गेला, क्लिक झालं, घूं करत खाली आला.

"बघितलंत? एकही धक्का नाही. बेअरिंग आपलं असणार."

"आणि दुसरे व्यायाम?"

"कोणते?"

"त्या फिजिओबाईंनी सांगितलेत ना? टाच स्वतः ओढायची, काठावर बसून पाय खाली सोडायचा..."

"आल्झो, म्हणजे असं बघा, मीनाक्षीताई," ते म्हणाले, "जे काम मशीन दिवसभर करतंय ते मी पुन्हा करायचं? एका कामाला दोन माणसं आपण कंपनीत लावतो का?"

लावतो.

पुढे सगळी मराठी वस्ती मशीन बघून गेली. बघायला येणारे रिकाम्या हाताने येत नाहीत, त्यामुळे थालीपिठाची भाजणी, डिंकाचे लाडू आणि तीन प्रकारची तेलं जमली. केळशीकर नव्या गाडीसारखं मशीन दाखवत. रोज थोडा आकडा वाढवत. पुण्याच्या थोरल्या भावाला व्हिडिओवर रिमोट दाखवून म्हणाले, "दादा, आज मी शंभर केले!"

"शाब्बास!" पुण्याहून दादा म्हणाले. "आमच्या इथल्या जोशांचे अजून ऐंशीवर अडकलेत."

प्राजक्ताही आली होती. तिने विचारलं, "काका, दुखत नाही एवढं वाकवताना?"

"जराही नाही. तीच तर टेक्नॉलॉजी."

"माझ्या बाबांचं झालं तेव्हा ते कळवळायचे हो."

"त्यांना मशीन होतं का?"

"नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," केळशीकर म्हणाले आणि लाडू मागितला. म्हणजे "लाडू" म्हणाले.

मशीनचा आवाज माझ्या छतातून येई. दुपारच्या रुहेत्साइटमध्येही येई. मी मोबाइल घेऊन वर गेले नाही.

फिजिओथेरपिस्टचं नाव फ्राउ लिंडनर. रुंद खांद्यांच्या, मोठ्या आवाजाच्या, इथली फ्रँकन बोली बोलणाऱ्या. प्रत्येक वेळी त्या पाय मशीनमधून बाहेर काढत आणि गुडघ्याला प्लॅस्टिकचा कोनमापक लावत. आकडा भरे सत्तरच्या आत. केळशीकरांनी पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा त्या कोनमापकाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. फ्राउ लिंडनर हसत सुटल्या. तो त्यांना विनोद वाटला. केळशीकर विनोद करत नसत.

मग तपासणीचा टेर्मिन, म्हणजे ठरलेली तारीख, आली. सर्जननेही प्लॅस्टिकचाच कोनमापक लावला आणि स्पष्ट सांगितलं: सांधा आखडतोय. पुढच्या तपासणीपर्यंत निदान काटकोनात वाकला नाही, तर नार्कोजे देऊन, म्हणजे पूर्ण भूल देऊन, आम्ही तो जोराने वाकवू. आत धरलेलं सगळं मोकळं करावं लागेल. पुन्हा इस्पितळ, पुन्हा सूज, पुन्हा पहिल्यापासून.

हे मला वहिनींनी सांगितलं, जिन्यात, हातात केराची पिशवी घेऊन. आणि मग पुढचं सांगितलं. त्यांच्या धाकट्या बहिणीने कोल्हापूरला घर बांधलं होतं. नवरा गेल्यावर, एकटीने, प्लॉट घेण्यापासून. त्याची वास्तुशांत होती आणि वहिनींचं तिकीट काढलेलं होतं. एकटीचं. लग्न झाल्यापासून त्या केळशीकरांशिवाय विमानात बसल्या नव्हत्या.

"भूल द्यायची वेळ आली तर मी कशी जाणार गं? ह्यांचं कोण करणार?"

"केळशीकर काय म्हणतात?"

"म्हणाले, तारीख बदल."

"विमानाची?"

"वास्तुशांतीची," वहिनी म्हणाल्या आणि केर टाकायला खाली गेल्या.

फ्राउ लिंडनर पुढच्या वेळी आल्या तेव्हा मीही वर होते. वहिनींनीच बोलावलं होतं. त्यांचं जर्मन बाजारापुरतं होतं आणि आज त्यांना नीट विचारायचं होतं. केळशीकर मशीनमध्ये होते. रिमोटवर शंभरच्या वरचा आकडा होता. फ्राउ लिंडनरनी आज पाय बाहेर काढला नाही. त्या पलंगाच्या बाजूला गुडघ्यांवर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. घूं, क्लिक, घूं. मग म्हणाल्या, "हेर केळशीकर, तुमचं बूड व्यायाम करतंय."

मी भाषांतर केलं. केळशीकरांना गरज नव्हती, पण वहिनींना होती.

खरंच होतं. मशीन वर जाई तसे केळशीकर कमरेतून उचलले जात, सगळाच पाय पुढे सरके आणि गुडघा होता तसाच राही. फ्राउ लिंडनरनी पट्टी ओढून पाहिली. चार बोटं आत गेली. मग मांडीखाली हात घातला आणि एक घडी घातलेली गोधडी बाहेर काढली. मऊ, जुन्या सुती साड्यांची, हाताने टाके घातलेली.

"हे काय आहे?"

मग वहिनी म्हणाल्या, "माझ्या आईने शिवलेली आहे."

"तसं नाही हो," मी म्हटलं, "ती इथे कशाला?"

"ह्यांना टोचायचं. पहिल्या दिवशी फार कण्हले. मग मी गोधडी घातली, पट्टे जरा सैल केले, तेव्हा कुठे शांत झाले. मग रोजच घालत्ये."

मी फ्राउ लिंडनरना सांगितलं. त्यांनी बोटाने मशीनची बिजागरी दाखवली, मग केळशीकरांचा गुडघा दाखवला. दोन्ही एका रेषेत पाहिजेत. गोधडीमुळे गुडघा वीतभर बाजूला उचलला गेला होता. मशीन आपले अंश इमानाने दुमडत होतं. फक्त त्यात केळशीकरांचा गुडघा नव्हता.

ज्या माणसाने गरम लोखंडावर विश्वास ठेवला नाही, त्याने इतके दिवस मांडीखाली काय आहे ते पाहिलं नव्हतं. आकडा चांगला होता आणि दुखत नव्हतं. एवढ्यावर केळशीकरांनीसुद्धा सही केली.

ते पहिल्यांदा वहिनींवर ओरडले. "शैला! अगं, अक्ष चुकवलास तू! सगळी मापं फुकट!"

"अहो, तुम्हीच म्हणालात, टोचतंय."

"मी टोचतंय म्हणालो. गोधडी म्हणालो का?"

इतक्या वर्षांत ते कुठे काय म्हणाले होते?

फ्राउ लिंडनरना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी तेव्हा जे सांगितलं ते बरोबर त्या भांडणाला धरून होतं. गोधडी बाहेर. पट्टे घट्ट. आकडा खाली आणून पुन्हा चढवायचा. मशीन हे फक्त सांधा गरम ठेवायला. खरा व्यायाम केळशीकरांनी स्वतः करायचा, दिवसातून कितीतरी वेळा, दुखेल तेवढं. मग वहिनींकडे वळल्या. "आणि ह्या बाईंनी त्या वेळी घरात थांबायचं नाही."

"घरात नाही?" वहिनींनी मला विचारलं. "मग कुठे?"

अशा रीतीने शैलावहिनी रोज माझ्या स्वयंपाकघरात येऊ लागल्या.

त्या काळात मी घरून काम करत होते. मी लॅपटॉप घेऊन टेबलाच्या एका टोकाला, त्या दुसऱ्या टोकाला, हातात निवडायला काहीतरी. कोथिंबीर संपली की डाळ. मला आठवते ती पहिली दुपार. वर थोडा वेळ शांत. मग केळशीकरांचा आवाज, छतातून, स्वच्छ.

"शैला!"

वहिनी अर्ध्या उठल्या.

"शैला! अगं, तुटतंय!"

त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडलेला. मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. काय सांगणार? जा म्हणावं तर गोधडी परत जाणार, बसा म्हणावं तर तो माझा नवरा नव्हता.

"मीनाक्षी, खरंच तुटलं असेल का गं?"

"तुटलं असतं तर एवढं मोठ्याने ओरडता आलं नसतं."

"शैला! पाणी!"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग ओट्याकडे गेल्या, माझ्या नळाचं पाणी ग्लासात घेतलं, आणि उभ्या उभ्या स्वतः प्यायल्या. ग्लास विसळून पालथा ठेवला. परत येऊन बसल्या.

"पुढच्या आठवड्यात म्हणे तिच्याकडे फरशी बसते," त्या म्हणाल्या. "कोटा घालणार होती. मी म्हटलं, कोटा नको, पाय गार पडतात." आणि शेवटपर्यंत कोल्हापूरच्या घराबद्दल बोलत राहिल्या. आवाज जरा चढा लावून.

पुढे ते ओरडणं कमी झालं. शिव्या सुरू झाल्या. केळशीकरांना इतक्या शिव्या येत असतील असं मला वाटलं नव्हतं. सर्जनला, फ्राउ लिंडनरना, मशीन बनवणाऱ्याला, आणि एकदा मला, कारण त्यांना संशय होता की वहिनींना मी धरून ठेवते. एकदा तर आवाज आला, "वाक की लेका, वाक!" वहिनींच्या हातातल्या मटारच्या शेंगा तशाच राहिल्या.

"हे कोणाला म्हणतायत?" त्यांनी घाबरून विचारलं. "वर कोण आलंय?"

"कोणी नाही. गुडघ्याला म्हणतायत."

"असं होय," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, दुसरं कोणी सापडलं."

तपासणीला मी गेले नाही. परत आल्यावर दोघं जिन्यात भेटले. सर्जनने कोनमापक लावला होता. काटकोनाच्या जरा वर. काठावर पास. नार्कोजे नको, असंच चालू ठेवा.

"त्यांच्या कोनमापकात दोन-तीन अंशांची चूक धरा," केळशीकर म्हणाले.

"कुठल्या बाजूला?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ते आता महत्त्वाचं नाही," म्हणाले.

मशीन परत न्यायला माणूस आला तेव्हा केळशीकरांनी त्याला बसवून, अक्ष चुकला तर आकडा कसा फसवतो, यावर अर्धा तास ऐकवलं. पुढे मंडळातही 'गुडघ्याचे मोजमाप : काही अनुभव' असं भाषण दिलं. त्यात 'गादीच्या जाडीतील त्रुटी' असा एक मुद्दा होता. गादी कोणाची, कोणी घातली, कोणासाठी, हे आलं नाही. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या.

पुढे ते निवृत्त होऊन पुण्याला गेले. निरोपसमारंभ झाला, शाली झाल्या, विमानतळावर फोटोही झाले. तरी केळशीकर म्हटलं की मला ते, वहिनी कोल्हापूरला निघाल्या, त्या सकाळचेच आठवतात.

टॅक्सी खाली उभी होती. वहिनींची बॅग टॅक्सीवाल्याने नेली. मी ऑफिसला निघाले होते. वहिनी टॅक्सीत बसल्या, काच खाली केली आणि सूचना सुरू केल्या. डाळ फ्रीजमध्ये, आमटीला फोडणी दिलेली आहे, गोळ्या डावीकडच्या कप्प्यात. केळशीकर फुटपाथवर उभे होते. तीन मजले एकटे उतरून आले होते, कठडा धरून. सूचना अर्ध्यावर असताना त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आता काहीतरी मागणार.

"जा तू," ते म्हणाले. "उशीर होईल."

टॅक्सी गेली. मला म्हणाले, "तुम्ही पण जा," आणि आत वळले.

आमच्या इमारतीच्या जिन्याला रस्त्याच्या बाजूने पूर्ण काच आहे. मी गाडीत बसले, सीटबेल्ट लावला आणि वर पाहिलं. पहिल्या मजल्यापर्यंत ते फ्राउ लिंडनरनी शिकवल्याप्रमाणे गेले. चांगला पाय वरच्या पायरीवर, मग बदललेला त्याच्या शेजारी. मग थांबले. इकडे तिकडे पाहिलं, कोणी नाही याची खात्री केली, आणि बदललेला पाय आधी वर ठेवला. गुडघा काटकोनात आला. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि सगळं अंग त्या एका पायावर वर ओढलं. तिथे क्षणभर डुगडुगत उभे राहिले. मग पुढच्या पायरीवर पुन्हा तोच पाय.

मी हॉर्न दिला. आमच्या गल्लीत सकाळी हॉर्न देत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या एकाने खिडकी उघडून माझ्याकडे पाहिलं.

केळशीकरांनी पाहिलं नाही. ते कामात होते.